बिल्डरकडून फुटपाथ करून घेताय? या चुका टाळा

नव्या ले-आउटमध्ये (प्लॉट पाडलेल्या वसाहतीत) घर होतं, गेट लागतं, आणि पहिल्या पावसात कळतं की गेटबाहेर पाय ठेवायला जागाच नाही. मंजूर नकाशात फुटपाथ आहे, जागेवर काळी माती आणि गाजरगवत. ही कामं विकासकाकडून करून घेता येतात. मात्र सहज होतात ती त्याचा एखादा कागद अडकलेला आहे तोवरच, म्हणजे अंतिम मंजुरी, पूर्णत्वाचा दाखला किंवा रस्त्यांचं हस्तांतरण यातलं काहीतरी बाकी असेपर्यंत. ते सगळं उरकलं की तो फोन उचलत नाही.

चुकीच्या दारात जाणं

नागपुरात ही चूक सगळ्यात जास्त होते. महानगरपालिका (मनपा), नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए) अशी तीन दारं आहेत. ज्याने ले-आउट मंजूर केला, अटी त्याच्याच. शहरालगतचे हुडकेश्वर-नरसाळा नंतर मनपाच्या हद्दीत आले, म्हणून तिथल्या जुन्या मंजुरीची फाइल मनपातच सापडेल असं धरू नका. मंजुरीपत्रावर शिक्का कोणाचा, ते आधी बघा.

ले-आउट २००१ च्या गुंठेवारी कायद्यात (विनापरवानगी पाडलेले प्लॉट नियमित करणारा कायदा) नियमित झालेला असेल, तर जमीन विकून गेलेल्या माणसाला शोधण्यात वर्षं घालवू नका. तिथे विकास शुल्क प्लॉटधारकांनीच भरलेलं असतं. डिमांडची (शुल्क भरल्याची) पावती आणि आरएल (नियमितीकरणाचं पत्र) जोडून, शुल्क ज्या कार्यालयात भरलं तिथेच काम मागा.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. ले-आउटच्या आतले रस्ते विकासकाचे. बाहेरचा विकास आराखड्यातला रस्ता सरकारी यंत्रणेचा; तिथला फुटपाथ मंजुरीच्या अटीत लिहिला असेल तरच विकासकाकडे मागता येतो. बांधकामाच्या ट्रकखाली बाहेरचा फुटपाथ फुटला असेल, तर ती नुकसानीची वेगळी तक्रार आहे. दोन्ही एका अर्जात घातलं की अर्ज टेबलाटेबलावर फिरत राहतो.

ब्रोशर हातात घेऊन भांडणं

ब्रोशरमधली झाडं आणि दिवे सोडा, मंजूर नकाशा आणि मंजुरीपत्राच्या अटी मिळवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. फुटपाथ, पाणी, अतिक्रमण एकत्र कोंबलं तर अर्ज परत पाठवायला तेवढंच निमित्त पुरतं. नकाशाच्या मोठ्या प्रतीसाठी अडवलं तर फाइलचं अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून ती बघायला, मागा.

प्रकल्प महारेरात (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदलेला असेल तर तिथला आर्किटेक्टचा नमुना १ (काम किती झालं याचा दाखला) उघडा. त्यातल्या दुसऱ्या तक्त्यात अंतर्गत रस्ते व फुटपाथ, पाणीपुरवठा, मलवाहिनी, पावसाळी नाली, पथदिवे यांच्यापुढे काम प्रस्तावित आहे का आणि किती टक्के झालं, हे लिहिलेलं असतं. फुटपाथ १०० टक्के आणि जागेवर माती, हा पुरावा ब्रोशरपेक्षा कितीतरी जड. त्या पानाची प्रत काढा आणि त्याच दिवशीचे फोटो सोबत ठेवा.

मोघम अर्ज

‘आमच्याकडे फुटपाथ नाही, तरी कार्यवाही व्हावी’ या वाक्यावर कोणीही काही करू शकत नाही. असं लिहा: ‘रस्ता क्र. ३, दक्षिण बाजू, प्लॉट १४ ते ३१, लांबी २१६ मीटर, नकाशातील रुंदी १.८ मीटर, जागेवर काम शून्य.’ अठरा प्लॉट, प्रत्येकी १२ मीटर; टेप घेऊन दोघं जण अर्ध्या तासात मोजतात. शेवटी संयुक्त पाहणीची तारीख मागा आणि पाहणीच्या टिपणावर विकासकाच्या माणसाची सही घ्या.

ताबापत्रावर डोळे मिटून सही

‘सर्व सुविधा मिळाल्या’ ही छापील ओळ खोडा. ‘सोबतच्या यादीतील कामे अपूर्ण’ असं लिहून सही करा आणि आपली प्रत ठेवा. किल्ली घ्यायच्या घाईत दहा जणांतले नऊ हे करत नाहीत. तरीही सही झालीच असेल तर रेरा कायद्याचं कलम १४(३) पाहा: ताबा दिल्यापासून ५ वर्षांत कामाचा दर्जा किंवा सुविधांमधली उणीव दाखवली, तर विकासकाने ती ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायची असते. म्हणून नोटीस लेखी द्या, स्पीड पोस्टाने. व्हॉट्सॲपवरच्या ‘हो साहेब, करतो’वर विसंबू नका. आणि वैतागून वर्गणी काढून स्वतःच काम करून टाकू नका. करायचंच असेल तर आधी नोटीस, फोटो आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरचं अंदाजपत्रक. नाहीतर खर्च मागताना दाखवायला काहीच उरत नाही.

काम सुरू झालं म्हणून निर्धास्त होणं

घोळ होतो तो इथे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर नुसती डस्ट (दगडाची भुकटी) पसरून गट्टू (पेव्हर ब्लॉक) लावले, तर दिवाळीपर्यंत फुटपाथच्या लाटा होतात. माती काढून १५० ते २०० मिमी मुरूम किंवा खडीचा थर, पाणी मारून रोलरने दाबलेला, त्यावर २० ते ४० मिमी वाळू, मग गट्टू. चालायच्या भागात ६० मिमी जाडीचे, एम-३५ प्रतीचे (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा). गाडी आत वळते तिथे ८० मिमीचे, एम-४०. तपासणं सोपं आहे: कुठलाही एक गट्टू उचकटायला लावा आणि पट्टी आत घाला. वाळूच १०० मिमी निघाली तर मुरूम वाचवून वाळूने उंची जुळवलीय, हे ओळखा.

दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये बसवलेले कर्ब (कडेचे दगड) हवेत. ते नसतील तर गट्टू बाजूला सरकतात आणि फटीतून वाळू वाहून जाते. कर्बची उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको. सिमेंट रस्ता वर चढतो म्हणून फुटपाथही चढवत नेला, की पाणी तुमच्या पोर्चमध्ये शिरतं. १.८ मीटर रुंदीला नालीकडे साधारण साडेचार सेंटिमीटर उतार ठेवा. बादलीभर पाणी ओतून बघा, डबकं राहिलं तर ठेकेदाराचं बिल अडवायला सांगा.

आयआरसी-१०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांच्या सोयींची मार्गदर्शिका) प्रमाणे १.८ मीटर ही अडथळ्याविना चालायची रुंदी आहे. महावितरणचा डीपी (विजेची पेटी), खांब, झाडाचं आळं मध्ये आलं तर ती जागा त्यातून वजा होते. ‘खांबासकट १.८’ मान्य करू नका.

शेवटचा वैरी घरचाच असतो. प्रत्येक गेटपुढे वेगळा सिमेंटचा रॅम्प झाला, की फुटपाथची घसरगुंडी होते आणि म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर उतरावं लागतं. चालायचा पट्टा सपाट ठेवून फक्त रस्त्याकडचा कर्ब आणि त्यालगतचा अरुंद पट्टा उतरवा. गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी), पाण्याची नळी, केबल हे सगळं गट्टू लावायच्या आधी टाकून घ्या; प्रत्येक प्लॉटसमोर एक रिकामा पाइप आडवा पुरून ठेवला, तर उद्याच्या केबलसाठी कोणाला कुदळ मारावी लागत नाही.