ओपनस्ट्रीटमॅपवर नव्याने नोंदी करताना या चुका टाळा

ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 पासून स्वयंसेवकांनी उभा केलेला मुक्त नकाशा आहे. त्यात केलेला बदल कोणाच्या मंजुरीसाठी थांबत नाही, त्यामुळे नवशिक्याची चूकही थेट वापरात जाते.

सर्वांत घातक चूक रस्त्यांच्या जोडणीत होते. दोन रेषा पडद्यावर भिडलेल्या दिसल्या, तरी त्यांच्यात सामाईक नोड (रेषा ज्या बिंदूंनी बनते तो बिंदू) नसेल तर मार्ग शोधणारी प्रणाली त्या रस्त्यांना एकमेकांपासून तुटलेले मानते आणि वाहनाला उगाच लांबचा वळसा सांगते. मुंबईत याच्या उलट चूकही तितकीच त्रासदायक ठरते. मोहम्मद अली मार्गावरील जे. जे. उड्डाणपुलाची रेषा खालून आडव्या जाणाऱ्या एखाद्या रस्त्याच्या नोडला जोडली गेली, तर पुलावरच्या चालकाला मधूनच डावीकडे वळण्याची सूचना मिळू शकते. पुलाला ब्रिज (पूल) आणि लेअर (वर-खालचा थर) हे टॅग, म्हणजे गुणधर्म सांगणाऱ्या नोंदी, द्यावेत, आडव्या रस्त्याशी नोड जोडू नये आणि चढ-उताराच्या टोकाला मात्र तो आवर्जून जोडावा. ब्राउझरमध्ये नकाशा संपादित करण्याचे साधन असलेला आयडी एडिटर अशा छेदांबद्दल इशारा देऊन दुरुस्तीचे पर्यायही सुचवतो; परंतु तिथे प्रत्यक्षात चौक आहे की पूल, हे त्याला ठाऊक नसते, म्हणून समोर आलेला पहिला पर्याय डोळे मिटून स्वीकारू नये.

उपग्रह चित्रावर विसंबतानाही सावध राहावे. मुंबईचा कोस्टल रोड 2024 पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. जुन्या चित्रात त्या जागी समुद्रच दिसेल, आणि तेवढ्यावरून कोणी रस्ता पुसून टाकला तर खरी माहिती नष्ट होईल. चित्र काही मीटर सरकलेलेही असू शकते. उंच टॉवर त्यात कललेले दिसतात, त्यामुळे इमारतीची आकृती छतावर न ठेवता तळाशी जुळवावी.

नावाच्या रकान्यात फक्त नाव लिहावे. ‘सार्वजनिक शौचालय’ हे वर्णन आहे, त्यासाठी वेगळा टॅग असतो. एलफिन्स्टन रोड स्थानक 2018 मध्ये प्रभादेवी झाले. अशा वेळी जुने नाव न पुसता जुन्या नावाच्या टॅगमध्ये ठेवावे, कारण लोक अजूनही ते शोधतात. गूगल मॅप्सवरून नावे उतरवणे मात्र पूर्णतः वर्ज्य आहे, परवान्यानुसार तो मजकूर येथे चालत नाही.

बदल साठवूनही दिसत नाही, ही नवख्यांची नेहमीची तक्रार असते. नकाशाचे चित्र ताजे व्हायला वेळ लागतो आणि मोबाइल ॲप आपापल्या वेळापत्रकाने माहिती घेतात. अशा वेळी तेच दुकान पुन्हा नोंदवल्याने दुहेरी नोंदी तयार होतात. त्याऐवजी आपल्या चेंजसेटच्या (एकत्र साठवलेल्या बदलांच्या गटाच्या) यादीत तो बदल पोहोचला आहे का, ते तपासावे. चुकीची आकृती पुसून नवी काढण्यापेक्षा जुनीच सुधारावी, म्हणजे तिचा इतिहास टिकतो. चेंजसेटच्या वर्णनात ‘बदल केले’ एवढेच न लिहिता कुठे, काय आणि कोणत्या आधारावर बदलले ते लिहावे, आणि अनुभवी सदस्याने त्यावर प्रश्न विचारल्यास उत्तर द्यावे.

धारावीसारख्या दाट वस्तीत छपरांखाली दडलेल्या गल्ल्या वरून दिसतच नाहीत. त्या अंदाजाने रेखाटू नयेत. स्वतः चालून पाहाव्यात, आणि तेही शक्य नसल्यास त्या जागेवर नोट टाकून परिसर जाणणाऱ्या सदस्याकडे काम सोपवावे.