पाने गेलेल्या मक्याचे फुटवे उपटू नका
मक्याच्या बुंध्याशी फुटवे दिसले की ते मुख्य ताटाचे (खोडाचे) अन्न खातात, असे समजून ते उपटून टाकण्याची सवय शहापूर-मुरबाडच्या शेतात आणि नेरूळच्या गच्चीवरील कुंडीतही दिसते. ती सोडावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण फुटवे काढल्याने उत्पादन वाढत नाही आणि अळीने किंवा जनावरांनी पाने खाल्लेल्या ताटाला नेमका त्यांचाच आधार असतो.

फुटवा जमिनीलगतच्या पेऱ्यावरील डोळ्यातून निघतो व त्याच्या अन्नवाहिन्या मुख्य ताटाला जोडलेल्या असतात. कोवळा असताना तो ताटावर पोसला जातो, पण त्याची पाने पसरली की स्वतःची साखर स्वतः तयार करतो, आणि मुख्य ताटाची पाने गेल्यावर त्यातली काही साखर दाणे भरणाऱ्या मुख्य कणसाकडे वळते.

नुकसान झाल्यावर लगेच निर्णय घेऊ नये. पीक पाच-सहा पानांच्या आत असेल तर वाढीचा कोंब अजून जमिनीखाली असतो, म्हणून आठवडाभर थांबावे. पीक त्याहून मोठे असेल तर एक ताट उभे चिरून पाहावे: कोंब पांढरा व टणक असला तर ताट सावरेल, तपकिरी, मऊ झाला असेल तर फुटवाच पुढे येईल, मात्र त्याचे कणीस लहान राहते आणि कधीकधी तुऱ्यावरच चार दाणे धरतात. तुरा येण्याच्या सुमारास गेलेली पाने सर्वांत महाग पडतात. तेव्हा नव्या फुटव्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो, आधीपासून उभे असलेलेच कामी येतात.

२०१८ मध्ये भारतात आढळलेली अमेरिकन लष्करी अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत दडते, म्हणून फुटव्यांचे पोंगेही उघडून पाहावेत. भुशासारखी ओली विष्ठा दिसली आणि अळीच्या डोक्यावर उलट्या वाय अक्षराची खूण असली, तर संध्याकाळी पाच टक्के निंबोळी अर्क थेट पोंग्यात पडेल असा फवारावा. अळी मोठी झाल्यावर त्याचा उपयोग कमी होतो, त्यामुळे ती हाताने वेचून मारावी. आपल्या पावसात सरीत पाणी तुंबले असेल तर आधी चर काढावा आणि मगच युरियाचा हप्ता द्यावा.

दाट लावणीत फुटवे सावलीने आपोआप सुकतात, तिकडे लक्ष देण्याची गरज नाही. बांधाकडेच्या विरळ ओळीतले जोमदार फुटवे मात्र जपावेत, आणि मुख्य कणसे तोडल्यावर ते हिरवे असतानाच कापून गुरांना घालावेत. अळीसाठी रासायनिक औषध फवारले असेल, तर त्याच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस उलटल्यावरच.