बेल वाजवल्यावर काय बोलायचं

माझा धंदा कूलर दुरुस्तीचा. मार्च लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात, आणि पावसाळा येईपर्यंत मला अन् माझ्या पोरांना रोज दहा-बारा अनोळखी दारांसमोर उभं राहावं लागतं. दर सीझनला कामावर येणाऱ्यांत एक तरी पोरगा असा असतो, की मोटर झटक्यात खोलतो, पण गिऱ्हाईक समोर आलं की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी तसाच होतो. हे त्याच्यासाठी लिहितोय.

2009 च्या एप्रिलमध्ये उस्तादांनी मला पहिल्यांदा एकट्याला प्रतापनगरला पाठवलं. फाटकाशी पंधरा मिनिटं उभा राहिलो, बेल वाजवली नाही, अन् परत येऊन सांगितलं की घरी कोणी नाही. तेवढ्यात त्याच घरून फोन आला. उस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, "उद्या तिथंच जायचं. तीन गोष्टी बोलायच्या. नाव काय, कोनाकडून आलो, काय करनार. चवथी गोष्ट तेच बोलतीन."

सुरुवात इथूनच करा. पहिली तीन वाक्यं ठरवून घ्या आणि मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात नाही. जिभेला वळण लागायला आवाज बाहेर पडावा लागतो. मी रोज सकाळी आंघोळीला पाणी काढताना म्हणायचो. आठवडाभरात बेल वाजवताना हात थांबेनासा झाला. छाती धडधडायची, पण ती धडधडत असतानाही बोलता येतं हे तिथं कळलं. भीती जाईल तेव्हा बोलू असं ठरवलं, तर वर्षं निघून जातात.

सराव मात्र अशा जागी करा जिथं काही पणाला लागलेलं नाही. आपल्याकडे यासाठी तर्री-पोह्याच्या ठेल्यासारखी दुसरी जागा नाही. एकच ठेला धरा, वेळ एकच ठेवा. पहिले काही दिवस फक्त "भाऊ, एक प्लेट, तर्री जास्त" एवढंच, पण मान वर करून, त्याच्याकडे पाहून. मग एक वाक्य वाढवा. "आज गर्दी कमी दिसते, काहून?" तिसऱ्या आठवड्यात तोच तुम्हाला पाहून प्लेट हातात घेतो आणि विचारतो, काल कुठं होते. ओळख अशी रोजच्या येण्याजाण्यातून होते. एकदम लग्नाच्या हॉलमध्ये जाऊन घोळक्यात शिरायला निघालात, तर पहिल्याच दिवशी मन मोडेल.

आता मुख्य गोष्ट. बोलणारा माणूस म्हणजे खूप बोलणारा, असा बहुतेक पोरांचा समज असतो. मला उलट अनुभव आला. महाल भागात एका काकांकडे ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूच्या गवताच्या जाळ्या, बदलत होतो. जुना लोखंडी कूलर, पत्रा जाड, पंखा दणकट. मी विचारलं, "काका, केव्हाचा आहे?" ते म्हणाले, "मोठी जन्मली त्या उन्हाळ्यात घेतला." एरवी मी "अच्छा" म्हणून मान खाली घातली असती. त्या दिवशी विचारलं, "ताई आता कुठं असतात?" काका स्टूल ओढून बसले. मुलीचं बाळंतपण, तिची नोकरी, रात्री कूलरमध्ये बादल्या भरभरून पाणी टाकणारी त्यांची बायको, जी आता नाही. मी गवत भरत ऐकत होतो. निघताना त्यांनी मठ्ठा दिला, आणि आजही दर मार्चला त्यांचा पहिला फोन मलाच येतो.

पहिला प्रश्न कोणीही विचारतो. दुसरा प्रश्न समोरच्याच्या उत्तरातून उचलायचा असतो, आणि त्यासाठी उत्तर खरंच ऐकावं लागतं. संत्रेवाल्याला भाव विचारून थांबू नका. माल काटोलचा की वरुडचा, आंबिया बहाराचा की मृग बहाराचा, हे विचारा. आंबिया म्हणाला, तर यंदा आंबियाला पाऊस कसा लागला, ते विचारा. पुढे काय बोलायचं ही काळजी डोक्यात फिरत असते ना, ती ऐकायला लागलं की आपोआप बाजूला पडते.

अडखळलो तर सगळे पाहतील, असंही वाटतं. एका गिऱ्हाईक प्राध्यापकांनी मला कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगाबद्दल सांगितलं होतं, तो 2000 साली छापून आला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्याला वाटलं, निम्म्या लोकांनी तरी टी-शर्ट पाहिला असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला होता. घरात शिरताना मला हे अजून आठवतं.

बायकांशी बोलताना वेगळी विद्या लागत नाही. तोच आवाज, तेच तीन वाक्यांचं बोलणं, तोच दुसरा प्रश्न. समोरून एका शब्दात उत्तर आलं, नजर फोनकडे गेली, तर तिथंच थांबा आणि कामाला लागा. ती तुमची हार नाही. तिला आत्ता बोलायचं नाही, एवढंच.

हे सगळं महिनोन् महिने करूनही घाम फुटत असेल, त्यापायी कॉलेज किंवा काम सुटत असेल, तर तो स्वभाव म्हणून सोडू नका. त्यावर उपचार आहेत. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, आणि 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत फुकट बोलता येतं. माझ्याकडच्या एका पोराने तो फोन माझ्यासमोर बसून केला. मला त्याचा फार अभिमान वाटला.

एक राहिलं, उठायचं कसं. बोलणं रंगात असतानाच उठा, सुकेपर्यंत ताणू नका. काम सांगा, पुढची खूण ठेवा: "काका, आठ दिवसांनी टपातलं पाणी बदला, मी फोन करतो." मग चप्पल घाला, फाटकाशी एकदा वळून पाहा, आणि "येतो" म्हणा.