कॅम्पसची आपत्कालीन योजना रात्री दोनला चालेल का? या चुका टाळा

बहुतेक कॉलेजांची आपत्कालीन योजना दिवसा अकराचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. प्राचार्य ऑफिसात, शिपाई जागेवर, सगळे जिने उघडे, मुलं जागी. त्यामुळे योजना वाचताना मी एकच प्रश्न विचारते: रात्री दोन वाजता, सुट्टीच्या दिवशी, जे तिथे असतील त्यांच्या भरवशावर यातलं काय होईल?

सगळ्यात घातक चूक म्हणजे कुलूपबंद मागचा दरवाजा. एका वसतिगृहात मी हा प्रकार स्वतः पाहिला. दारावर ‘आपत्कालीन मार्ग’ अशी हिरवी पाटी, आणि कडीला साखळी गुंडाळून घातलेलं कुलूप. किल्ली पुढच्या फाटकावरच्या वॉचमनकडे, तीही पंधरावीस किल्ल्यांच्या जुडग्यात. मी त्यांना ती शोधायला सांगितली. भरदिवसा, शांतपणे, तिसऱ्या किल्लीला कुलूप उघडलं. अंधारात, धुरात, मागे पन्नास मुली ढकलत असताना काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. मुलं रात्री बाहेर जातात म्हणून कुलूप, असं रेक्टर सांगतात. त्यांची काळजी खरी आहे, पण त्यावर वेगळा उपाय आहे. आतून आडवी दांडी ढकलली की उघडणारं आणि उघडताच भोंगा वाजवणारं दार बसवा. दार आतून किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे, यात तडजोड नको. जिन्याची धूर अडवणारी दारं वाऱ्यासाठी वीट लावून उघडी ठेवू नका. धूर त्याच वाटेने वर चढतो.

दुसरी चूक खोट्या अलार्मची. अमेरिकेतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात १९ जानेवारी २००० रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास आग लागली आणि तीन विद्यार्थी गेले. तिथे आधी इतक्यांदा खोटा अलार्म वाजला होता, की त्या पहाटेही अनेकांना तो खोटाच वाटला. म्हणून अलार्म विनाकारण वाजला की फक्त बंद करून सोडू नका. कुठल्या सेन्सरने, कशामुळे वाजला ते नोंदवा, दुरुस्त करा आणि मुलांना सांगा.

सूचना पाठवायला परवानगीची वाट पाहणं ही चूक कागदावर दिसत नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात गोळीबार झाला. सगळ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात वर्गांमध्ये हल्ला झाला. त्या दिवशी एकूण ३२ जणांचा बळी गेला. ‘साहेबांना विचारून पाठवतो’ यात किती वेळ जाऊ शकतो, ते इथे दिसतं. रात्रपाळीच्या माणसाला स्वतःच्या अधिकारात संदेश पाठवता आला पाहिजे. मजकूर आधीच लिहून ठेवा: काय झालं, कुठे, आत्ता काय करायचं. शेवटचा भाग हमखास राहून जातो.

अग्निशामक सिलिंडर भिंतीवर आहे म्हणजे काम झालं, असं नाही. पावडरच्या बहुतेक सिलिंडरवर दाब दाखवणारा काटा असतो, तो हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला असा काटा नसतो, तो वजन करूनच तपासावा लागतो. हातातला सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो, त्यामुळे पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल आणि आग कचऱ्याच्या डब्याएवढीच असेल, तरच वापरा. एकदा थोडा जरी वापरला तरी पुन्हा भरून घ्या.

मॉक ड्रिल तारीख आणि वेळ जाहीर करूनच होत असेल, तर वर्षात निदान एक तरी अंधार पडल्यावर, न सांगता घ्या; अग्निशमन दल आणि सुरक्षारक्षकांना मात्र आधी कळवा. बाहेर जमल्यावर हजेरी घ्या. अतिथी, मेसचे कर्मचारी, रात्री प्रयोगशाळेत थांबलेला संशोधक विद्यार्थी यांची नावं त्या यादीत क्वचितच असतात. आणि तिसऱ्या मजल्यावर व्हीलचेअरवर असलेली मुलगी? आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नाही, म्हणजे तिला खाली कोण आणणार, कशावर बसवून, हे आजच तिला विचारून ठरवा. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या खोलीत लुकलुकणारा दिवा आणि उशीखाली थरथरणारं यंत्र लागेल. दिवसा त्याला मित्र उठवतात. रात्री दोनला खोलीत तो एकटाच असतो.