सावलीला इंग्रजीत काय म्हणायचं, शेड का शॅडो?

परवा भाची वही घेऊन आली, दहावीत आहे, शेतकऱ्यावर निबंध लिहिलेला आणि त्यात एक वाक्य होतं, 'द फार्मर स्लेप्ट इन द शॅडो'. शॅडोला बाईंनी लाल पेनाने गोल केलेला, शेजारी एक अक्षर नाही, नुसता गोल. मामा यात काय चुकलं? आता निंबाखाली बसतो ती पण सावली आणि कंदिलाने भिंतीवर हालते ती पण सावली, मग पोरगी तरी काय करेल. म्हटलं बस, सांगतो.

सोपं बघायचं. वाक्यातली सावली काढायची आणि तिथे 'आडोसा' टाकून बघायचा, जमला तर शेड. 'पडछाया' टाकून जमली तर शॅडो. शेतकरी उन्हाच्या आडोशाला झोपला, बरोबर वाटतं ना, मग 'स्लेप्ट इन द शेड'. पडछायेत झोपला असं कोणी म्हणत नाही. उलट 'मांजर स्वतःच्या आडोशाला घाबरलं' म्हणून बघा, घरातले हसतील, तिथे पडछायाच पाहिजे म्हणून शॅडो. म्हणजे शेड ही जागा आहे, जाऊन बसायची. शॅडो हा आकार आहे, त्याला नाक-कान असतात, विजेच्या खांबाची वेगळी आणि म्हशीची वेगळी. त्यामुळे शॅडो मोजता येते, अ शॅडो, माय शॅडो, अंगणात दोन बल्ब लावले तर टू शॅडोज. या अर्थाची शेड मोजत नाहीत, तिला बहुतेक वेळा नुसतं 'इन द शेड'. आणि झाड शेड देतं म्हणून 'गिव्ह', शॅडो मात्र पडते म्हणून 'कास्ट'. जोड्या पाठ केल्या की अर्धं काम झालं.

आपल्याकडे याचं प्रॅक्टिकल फुकटात होतं. 25 मेच्या आसपास जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साडेबाराच्या जरा आधी उघड्यावर एक सरळ पाइप उभा करा, त्याची सावली बाजूला पडतच नाही, बुडाशीच गायब. याला म्हणतात झिरो शॅडो डे. जुलैच्या मध्याला परत येतो पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, कोण बघतो. आता त्याच मिनिटाला समोरच्या निंबाखाली बघा, चार जण गमछा टाकून आडवे पडलेत. शॅडो झिरो पण शेड जागेवर! भाचीला हे एका झटक्यात समजलं, बाकीचं लेक्चर वायाच होतं म्हणा.

अजून एक, पेपरात येतं ते 45 डिग्री सावलीतलंच असतं, थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या पेटीत ठेवलेलं असतं म्हणून 'फॉर्टी फाइव्ह इन द शेड'. तिथे शॅडो लिहू नका.

आणि आपल्या मराठीतली शेड वेगळी बरं का. गुरांची पत्र्याची शेड म्हणजे एस एच ई डी, ती सावली नाही, छप्पर आहे. शेडनेटमधली शेड मात्र एस एच ए डी ई, तीच सावलीवाली, बोलताना तिचा 'शे' जरा लांबवायचा. आपण दोन्ही एकसारखंच बोलतो म्हणून पोरं स्पेलिंगमध्ये आपटतात.

गंमत म्हणजे शेड आणि शॅडो मुळात जुन्या इंग्रजीतला एकच शब्द. आपलं कसं पाणी, पण विभक्ती लागली की पाण्याला, पाण्यात, तशी त्या शब्दाची दोन रूपं होती, ती पुढे वेगळी निघाली आणि दोघांनी काम वाटून घेतलं.

आता खरा घोळ. एका मित्राने वडिलांच्या पंच्याहत्तरीला स्टेटस टाकलं, इंग्रजीत, 'आय ग्र्यू अप इन माय फादर्स शॅडो'. त्याला म्हणायचं होतं की वडिलांच्या सावलीत वाढलो, त्यांनी ऊन लागू दिलं नाही. पण इंग्रजीत याचा अर्थ निघतो की बाप एवढा मोठा की मी झाकोळूनच गेलो, मला कोणी ओळखलंच नाही. म्हणजे कौतुक करायला गेला आणि तक्रार करून आला. पुण्याच्या मेव्हण्याने फोन करून विचारलं, दाजी, घरी सगळं ठीक ना? आपल्याला मेमध्ये सावली म्हणजे देव, म्हणून मराठीत ती छत्रासारखी वापरतो, पण शॅडोला इंग्रजीत अंधाराचा वास आहे. अशा ठिकाणी शेड पण चालत नाही, सरळ 'ही प्रोटेक्टेड मी' लिहायचं. सावली शब्दशः न्यायचीच नाही.

बाकी किरकोळ. एखाद्याच्या मागे गुपचूप फिरणं म्हणजे त्याला शॅडो करणं. गॉगलला बोलीत शेड्स म्हणतात. पोरं हल्ली 'शेड मारली' म्हणतात तो टोमणा. आणि रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डवरची शेड म्हणजे छटा, तिथे सावलीचा संबंध नाही आणि ती मोजता पण येते.

बाईंचा गोल मला तरी जरा कडकच वाटला, कारण पुढे 'ऑफ द ट्री' असतं तर वाक्य अगदीच चूक म्हणता आलं नसतं. पण भाचीने खोडून शेड केलं. संध्याकाळी तिच्या आईसोबत फुले मार्केटला गेलो, तर ती काउंटरवर म्हणते, "भाऊ, आयशॅडोमध्ये ब्राउन शेड आहे का?" आणि माझ्याकडे बघून हसली.