ब्राम्सचा हॉर्न ट्रिओ हातात घेण्याआधी

चेंबर म्युझिकमध्ये, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या संगीतात, नव्याने आलेल्या हॉर्नवादकांना (हॉर्न हे पितळी फुंकवाद्य) माझं एक आग्रहाचं सांगणं असतं: जर्मन संगीतकार ब्राम्सच्या ऑपस ४० चा, म्हणजे हॉर्न, व्हायोलिन आणि पियानोच्या या ट्रिओचा, सराव सुरुवातीला व्हॉल्व्ह (बोटांनी दाबून नळीची लांबी बदलणाऱ्या झडपा) न वापरता करा.

हा ट्रिओ १८६५ चा आहे. हॉर्नच्या व्हॉल्व्हचं पेटंट तोवर जुनं झालं होतं, १८१८ चं. संगीतकार शुमानने तर १८४९ मध्येच 'अडाजिओ आणि आलेग्रो' खास व्हॉल्व्ह हॉर्नसाठी लिहिलं होतं. तरीही ब्राम्सने मागितला तो साधा, बिनव्हॉल्व्हचा वाल्डहॉर्न. तो स्वतः लहानपणी हे वाद्य शिकला होता, त्यामुळे आपण काय मागतोय हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

अशा हॉर्नवर नैसर्गिक स्वरमालिकेतले, म्हणजे नळीतून नुसत्या ओठांच्या ताणाने निघणारे, स्वर मोकळे येतात. बाकीचे बरेचसे काढायला भोंग्यात घातलेल्या उजव्या हाताने वाट कमी-जास्त बंद करावी लागते. ते स्वर दबलेले येतात, जोर दिला तर किंचित चिरके होतात. आता तिसरा भाग पाहा. तो ई-फ्लॅट मायनरमध्ये आहे, आणि या मायनरचा गंधार, म्हणजे जी-फ्लॅट, हाताने झाकूनच काढावा लागतो. ट्रिओच्याच वर्षी, फेब्रुवारीत, ब्राम्सची आई वारली होती; तो दबलेला स्वर मला त्या दुःखाला साजेसा वाटतो. व्हॉल्व्हवर तोच स्वर इतर स्वरांसारखाच स्वच्छ येतो आणि माझ्या मते तिथेच काहीतरी हरवतं.

नॅचरल, म्हणजे बिनव्हॉल्व्हचा, हॉर्न मिळत नसेल तरी अडत नाही. डबल हॉर्नच्या (एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन बाजूंच्या आजच्या हॉर्नच्या) एफ बाजूला पहिला व्हॉल्व्ह दाबून धरा; नळी एका पूर्ण स्वराने उतरते आणि वाद्य ई-फ्लॅटचं होतं. आता डावी बोटं हलवायची नाहीत, सगळं काम ओठांचं आणि उजव्या हाताचं. आधी फक्त पहिल्या भागातली हॉर्नची पहिली ओळ घ्या, व्हायोलिनकडून सुरावट आपल्याकडे येते ती. कुठला स्वर मोकळा, कुठला झाकलेला, हे पेन्सिलीने पानावर खूण करून ठेवा. मग मैफलीत व्हॉल्व्ह वापरले तरी चालतील. त्या स्वरांना किती हळू फुंकायचं हे कानात बसलेलं असतं.

शेवटचा शिकारीच्या चालीचा भाग मोकळ्या स्वरांवर धावतो, तो तुलनेने लवकर बसतो.

तालमीत पियानोवादकाशी आधीच बोला. आजचा कॉन्सर्ट ग्रँड त्या काळच्या पियानोपेक्षा बराच भारी आवाजाचा आहे आणि झाकलेले स्वर त्याच्याखाली सहज बुडतात. हॉर्नचा भोंगा मागे वळलेला असतो, म्हणून पाठीमागे जाड पडदा नको, भिंत असू द्या.

शुमान त्यानंतर घ्या. त्यात ओठांना विसावा फार कमी मिळतो.