सगळं घर घेऊन ताडोब्याला जायचं असेल तर

आमच्या घरचे आम्ही अठ्ठावीस जण. निम्मे वरोरा तालुक्यातल्या गावात, बाकीचे नागपूर, अकोला, पुणे असे पांगलेले. लग्न नाहीतर तेरवी असल्याशिवाय सगळे एका ठिकाणी दिसायचे नाहीत. मोठ्या बाबांना, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, हे खुपायचं. त्यांनीच एका दिवाळीत चंद्रपूरजवळच्या ताडोब्याच्या, म्हणजे वाघांच्या जंगलाच्या, सफारीचा विषय काढला आणि सगळं ठरवायचं काम माझ्याकडे आलं. त्यानंतर सहा वेळा मी हे काम केलं आहे. दरवेळी नवीन माणूस तोच जुना सल्ला देतो: मे महिन्यात जा, हमखास वाघ दिसते, ऐनवेळी गेटवर होऊन जाते काहीतरी, हॉटेलवाला पाहून घेईल. दोघा-चौघांना हे चालत असेल. घरातली तीन पिढ्यांची माणसं सोबत असतील तर यातलं काहीही ऐकू नका.

तारीख

पहिला फोन गावातल्या भावाला करा, मग पुण्यातल्याला. पुण्यातल्याला रजा मिळते. गावातल्या भावाचा कापूस वेचायचा असेल, तुरीची सोंगणी चालू असेल आणि नेमके त्याच दिवशी मजूर मिळाले असतील, तर तो येणार नाही, आणि त्याने येऊही नये. आम्ही संक्रांतीनंतरचे दिवस धरतो. बोर्डाच्या परीक्षा सुरू व्हायच्या असतात आणि थंडी सोसण्यासारखी असते. २६ जानेवारीला जोडून मात्र जाऊ नका, फार गर्दी असते. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते हे खरं, पण चंद्रपूरचा पारा तेव्हा पंचेचाळिशीच्या वर जातो. सत्तरीच्या माणसाला त्या उन्हात उघड्या गाडीत चार तास बसवायचं हे मला पटत नाही.

मंगळवारी ताडोबा बंद असतो. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतं. शनिवार-रविवारी दर जास्त असतो, म्हणून बुधवार-गुरुवार पाहा.

गेट

गाभा क्षेत्राला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी अशी गेटं आहेत. सगळ्यांचं एकाच गेटवरून करा. पहिल्या वर्षी मोहर्लीला जागा कमी पडली म्हणून मी निम्म्या घराचं कोलाऱ्याहून बुकिंग केलं. नकाशात दोन्ही एकाच जंगलाला लागून दिसतात. पण एक दक्षिणेला आहे, दुसरं उत्तरेला, आणि बाहेरच्या रस्त्याने जायचं तर चिमूर-वरोरा-भद्रावती असा वळसा पडतो. निम्मं घर तिकडे राहिलं, निम्मं इकडे. भेटीसाठी निघालेली माणसं दुसऱ्या दिवशी जेवणाला भेटली.

रेल्वेने येणारे असतील तर मोहर्ली सोयीचं. चंद्रपूरला उतरायचं. जी गाडी तिथे थांबत नाही ती बल्लारशाहला थांबते. चंद्रपूर-मोहर्ली रस्ता जंगलातून जातो, तेव्हा दिवस मावळायच्या आत पोचायचं. उशिराच्या गाडीने येणाऱ्यांनी ती रात्र चंद्रपुरातच काढावी.

यादी

खरं काम इथे आहे. एका जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा प्रवासी बसतात, सोबत चालक आणि गाईड. तिकीट गाडीनिहाय निघतं आणि त्यावर सहाही जणांची नावं असतात. म्हणजे कोण कोणासोबत बसणार हे बुकिंग करायच्या आधी ठरलं पाहिजे. पहाटे गेटवर, अंधारात, थंडीत, "मी ताईच्या गाडीत बसते, तू तिकडे जा" असं करता येत नाही. बहुतेक लोक आधी गाड्या घेऊन टाकतात, सुचतील तशी नावं भरतात आणि गेटवर भांडतात.

आधी नावं. नाव फोनवर विचारून लिहू नका. ज्या ओळखपत्रावर माणूस प्रवेश करणार, त्याचा फोटो प्रत्येकाकडून मागवा आणि त्यावर जसं आहे तसं, अक्षर न अक्षर, भरा. आपल्याकडे बाईला माहेरचं एक नाव असतं, सासरचं दुसरं, आणि आधार काढणाऱ्याने लिहिलेलं कधीकधी तिसरंच. मुलींची लग्नं होतात, आडनाव बदलतं, कार्ड तेच राहतं.

दुसऱ्या वर्षी माझी मोठी आई, म्हणजे थोरली काकू, यामुळेच गेटबाहेर राहिली. घरात, गावात, बचत गटात तिला सगळे शांताबाई म्हणतात. मीही तेच लिहिलं. तिच्या कार्डावर माहेरचं जनाबाई आहे हे जन्मभर तिच्या अंगणात वाढूनही मला ठाऊक नव्हतं. खिडकीवरचा माणूस नियमाने बोलत होता, चूक माझी होती. तिचं माहेर जंगलाकाठचं. मोहफुलं वेचत, तेंदूपत्ता तोडत ती लहानाची मोठी झाली. ती चार तास गेटबाहेरच्या ओट्यावर बसली आणि मी तिच्याजवळ बसलो. "जाऊ दे ना बापू, मी पायलं हाय जंगल," एवढंच ती बोलली. त्या दिवसापासून कार्डाचा फोटो आल्याशिवाय मी कोणाचंही नाव भरत नाही, मग तो कितीही घाईत असो. आणि मूळ कार्ड सोबत हवं. आदल्या रात्री सगळ्यांची मूळ कार्डं एका पिशवीत माझ्याजवळ जमा होतात. ही सक्ती आहे, विनंती नाही.

आता गाडीवाटप. प्रत्येक कुटुंबाला आपली वेगळी गाडी हवी असते. देऊ नका. पुण्याचे चौघे रोज एकमेकांसोबतच असतात, त्यांना इथे येऊन तसंच बसायचं असेल तर आपण जमलो कशासाठी? पाच वर्षांखालच्या लेकराला मी सफारीत नेतच नाही. थंडी असते, चार तास गाडीतून खाली उतरता येत नाही, ठरलेल्या जागेशिवाय लघवीलाही थांबता येत नाही. त्याहून मोठ्या, पण आईशिवाय न राहणाऱ्या मुलांना आईसोबत बसवा. दहाच्या पुढच्या मुलांना मात्र मुद्दाम काका-आत्यांच्या गाडीत टाका. एका गाडीत दोनपेक्षा जास्त मुलं नकोत, कुजबुज थांबत नाही. आणि प्रत्येक गाडीत गावात राहणारं एक मोठं माणूस हवंच. वाघ दिसेल न दिसेल, पण ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, कडईचं पांढरं खोड, बिब्याचं झाड, हे दाखवणारं घरचं माणूस असलं की शहरातली मुलं कंटाळत नाहीत. गाईड आजूबाजूच्या गावांतलेच असतात. त्यांच्याशी गावचा माणूस दोन शब्द बोलला की तेही मोकळेपणाने सांगतात.

रांगेचंही आधीच ठरवा. जिप्सीची मागची रांग सगळ्यात जास्त आपटते. तिथे तरणी पोरं बसतील. पुढची रांग कंबर-गुडघे दुखणाऱ्यांची, मग तिथे जवाई बसलेले असोत की आणखी कोणी. एकदा जवायांचा मान म्हणून आम्ही त्यांना पुढे बसवलं आणि मणक्याचा त्रास असलेल्या आत्याला मागे. आत्या आठ दिवस अंथरुणावर होती. गरोदर सुनेला, नुकतंच ऑपरेशन झालेल्याला सफारी नको. कोणी कितीही आग्रह केला तरी हो म्हणू नका.

अठ्ठावीस जणांतून लहान लेकरं आणि न जाणारे वगळले की आमच्या चार गाड्या होतात. गेटवर एका फेरीला ठरावीकच गाड्या सोडतात, म्हणून चारही एकाच फेरीत मिळतीलच असं नाही. आता मी तसा प्रयत्नही करत नाही. दोन गाड्या सकाळी, दोन दुपारी. सकाळचे गेले की दुपारचे घरच्या म्हाताऱ्यांजवळ, लेकरांजवळ थांबतात. कोणी एकटं मागे राहत नाही, आणि खऱ्या गप्पा याच वेळात होतात. दुसऱ्या दिवशीची फेरी घेणार असाल तर त्या दिवशीच्या याद्या बदला. त्याही बुकिंगच्या आधीच करायच्या.

हे बदलणं कशासाठी, तेही सांगतो. तिसऱ्या वर्षी एका गाडीला बछड्यांसोबत वाघीण दिसली आणि बाकीच्यांना चितळ-सांबरावर परतावं लागलं. दोन्ही दिवस गाड्यांतली माणसं तीच होती. पहिल्या गाडीतल्यांनी रात्रभर तेच सांगितलं. भाची जेवली नाही, लहान काका गप्प झाले. आता आम्ही परतल्यावर चहाला बसतो तेव्हा ज्यांना वाघ दिसला ते सगळ्यात शेवटी बोलतात. आधी बाकीच्यांचं ऐकायचं: अस्वल, रानकुत्र्यांची टोळी, गवा, तलावाकाठची मगर, जे काही दिसलं असेल ते.

यादी पूर्ण झाली की एकदा सगळ्यांना वाचून दाखवा. हरकत असेल तर दोन दिवसांत सांगा म्हणावं. त्यानंतर बुकिंग करा, तेही वनविभागाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच. हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळं असतात. पैसे आधी जमा करा, मग तिकीट काढा.

मुक्काम आणि जेवण

मोहर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवासस्थान आहे, खासगी हॉटेलं आणि गावातली घरगुती सोयही आहे. सगळे एकाच आवारात राहतील एवढंच पाहा.

जंगलाजवळ चूल पेटवायची नाही. रोडग्यांचा बेत आदल्या दिवशी आपल्या शेतात करावा. गोवऱ्यांवरचे रोडगे, वांग्याची भाजी, तुरीचं वरण. सगळे आधी शेतातच जमतात, तिथेच गाडीवाटप पुन्हा वाचलं जातं आणि कार्डांची पिशवी भरली जाते.

सफारीचा दिवस

मातकट रंगाचे कपडे, कानटोपी, एकेक शाल. मोबाईल गाभा क्षेत्रात नेता येत नाही, ते गेटवर जमा होतात, हे मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. खाऊची पाकिटं नकोत. गाडीत अत्तर, पावडर नको.

आत शिरल्यावर मुलांना रस्त्याकडेचे जुने दगडी खांब दाखवा. ते गोंड राजांच्या काळचे असल्याचं सांगतात. तलावाजवळ तारूदेवाचं ठाणं आहे. तारू हा गावाचा प्रमुख वाघाशी लढताना मेला आणि देव झाला, असं गोंड लोक मानतात. ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच आलं. इथे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, पण देव त्याच्या कितीतरी आधीचा आहे. पौषात त्याची जत्रा भरायची, ती मोठ्या आईने लहानपणी पाहिली आहे. चौथ्या वर्षी ती बरोबर नावाने, पुढच्या रांगेत बसून आत गेली. तलाव दिसल्यावर तिने चालकाला गाडी थांबवायला लावली आणि डोक्यावर पदर घेऊन बसल्या जागेवरून हात जोडले.

ज्यांना सफारी झेपत नाही त्यांना आगरझरीचं फुलपाखरू उद्यान किंवा चंद्रपूरचं महाकाली मंदिर आणि किल्ल्याचा परकोट दाखवून आणा. गाडी सांगून ठेवा, चालक घरचा असला तर उत्तम.

हिशेब

परतायच्या आदल्या रात्री, सगळे बसलेले असताना, खर्चाच्या वहीतून मोठ्याने वाचा. उरलेले पैसे तिथेच परत करा. पुढच्या वर्षीची वही कोणाकडे जाणार हेही त्याच बैठकीत ठरवा आणि ओळखपत्रांचे फोटो त्याला रात्रीच पाठवून द्या. वर्षभरात ज्यांची लग्नं होतील त्यांची नावं तो नव्याने मागवून घेईल.